पहिली व्हीएमसी गाळ्यात आणताना: काय आधी, काय नंतर

ठाण्याच्या वागळेत किंवा नवी मुंबईच्या रबाळ्यात लेथ-मिलिंगवर चालणारा गाळा, चार-पाच माणसं आणि शेठच्या डोक्यात वर्षभर घोळणारी पहिली व्हीएमसी (व्हर्टिकल मशीनिंग सेंटर, म्हणजे प्रोग्रामवर चालणारं उभ्या स्पिंडलचं मिलिंग मशीन). पुढे बहुतेक ठिकाणी एकच प्रकार होतो. मशीन बुक होतं, दारात येतं आणि मग कळतं की विजेचा लोड मंजूर नाही, टूल होल्डर (स्पिंडलमध्ये टूल धरणारे भाग) मागवलेले नाहीत, प्रोग्राम कोणी करायचा ते ठरलेलं नाही. दोन महिने मशीनवरचं प्लास्टिकही निघत नाही. हप्ता मात्र सुरू झालेला असतो.

मशीन निवडण्यात लोक फारसे चुकत नाहीत. चुकतात ते क्रमात. मशीन ही सगळ्यात शेवटी यायची वस्तू आहे. तिच्याआधी जॉबचा हिशेब, मग सॉफ्टवेअर, मग टूलिंग, मग वीज आणि फरशी. खालचे टप्पे त्याच क्रमाने लिहिले आहेत. टर्निंग सेंटर (प्रोग्रामवर चालणारी लेथ) घेणार असाल तरी क्रम हाच, फक्त टूलिंगची यादी वेगळी.

## टप्पा १: आधी ड्रॉइंगचा गठ्ठा, मग कॅटलॉग

गेल्या सहा महिन्यांत केलेल्या आणि नाकारलेल्या जॉबची ड्रॉइंग एकत्र काढा. नाकारलेली मुद्दाम म्हणतोय, कारण मशीन बरंचसं त्यांच्यासाठीच घ्यायचं असतं. प्रत्येक ड्रॉइंगवर पेन्सिलीने चार गोष्टी लिहा: सगळ्यात मोठं माप, मटेरियल, सगळ्यात कडक टॉलरन्स (मापात चालणारा फरक) आणि एका वेळची संख्या.

मापाच्या बाबतीत लोक जॉबचं माप टेबलाशी ताडून पाहतात आणि खूश होतात. खरी अडचण झेडमध्ये, म्हणजे उभ्या दिशेत, येते. समजा जॉब १५० मिमी उंच, खाली व्हाइसची (जॉब धरायच्या शिकंज्याची) उंची १०० मिमी, वर होल्डर आणि ड्रिल मिळून २०० मिमी. झाले ४५० मिमी. ड्रिल वर उचलून टूल बदलायला जागा लागते ती वेगळी. आता कॅटलॉगमध्ये स्पिंडलच्या तोंडापासून टेबलापर्यंतचं कमाल अंतर बघा. नुसती झेडची चाल बघून भागत नाही.

स्पिंडलच्या वेगाचा हिशेब कागदावर करा. कटिंग स्पीडला १००० ने गुणा आणि ३.१४ गुणिले टूलच्या व्यासाने भागा, की आरपीएम मिळतात. ईएन८ (मध्यम कार्बनचं पोलाद) मध्ये १० मिमी कार्बाइड एंडमिलला १०० मीटर प्रतिमिनिट धरलं तर सुमारे ३१८० आरपीएम झाले. चार दातांचं टूल आणि दातामागे ०.०५ मिमी धरलं तर फीड (टूल पुढे सरकण्याचा वेग) सुमारे ६३५ मिमी प्रतिमिनिट. हे काम ६००० आरपीएमचं मशीन आरामात करतं. तेच टूल अॅल्युमिनियममध्ये ३०० मीटरने चालवायचं तर ९५०० च्या वर आरपीएम लागतात. तुमचा गठ्ठा ईएन८ आणि माइल्ड स्टीलचा असेल तर जास्त वेगाच्या स्पिंडलसाठी पैसे घालू नका. तो अॅल्युमिनियमच्या हाउसिंगचा आणि ३-४ मिमीच्या टूलचा असेल तर तिथे कंजुषी करू नका.

तपासा: गठ्ठ्यातले निम्म्याहून जास्त जॉब दोन-चार नगांचे असतील तर तुमचा वेळ कटिंगपेक्षा सेटिंगमध्ये जाणार. अशा वेळी मोठ्या टेबलापेक्षा प्रोब (जॉबला टेकून जागा आणि माप घेणारं साधन) आणि दोन चांगले व्हाइस जास्त पैसा मिळवून देतात.

## टप्पा २: सॉफ्टवेअर मशीनच्या तीन महिने आधी

ही पायरी जवळजवळ सगळेच उलटी करतात. «मशीन आल्यावर बघू, बाहेरून प्रोग्राम करून घेऊ.» बाहेरून जरूर करून घ्या, पण मग दर वेळी ड्रॉइंगमध्ये बदल आला की फोन, पुन्हा पैसे आणि मशीन उभं.

१. प्रोग्राम कोण करणार ते नाव घेऊन ठरवा. मिलिंगवरचा जुना कारागीर आणि कॉम्प्युटर येणारा आयटीआयचा मुलगा, अशी जोडी माझ्या अनुभवात सगळ्यात चांगली जमते. एकाला कळतं जॉब कसा धरायचा, दुसऱ्याला कळतं बटण कुठे आहे. एकट्या मुलावर सोडलं तर स्क्रीनवर सुंदर दिसणारा आणि व्हाइसमध्ये धरताच न येणारा प्रोग्राम मिळतो.

२. तुमच्या गठ्ठ्यातले तीन जॉब विक्रेत्याला द्या: एक सोपा, एक नेहमीचा, एक डोकेदुखीचा. त्याच्या डेमो फाइलवर भुलू नका, ती त्याने शंभर वेळा चालवलेली असते. तुमच्या मुलाला शेजारी बसवा आणि तिसरा जॉब मुलाच्या हातूनच करून घ्या.

३. फुकट आवृत्त्यांच्या अटी वाचा. ऑटोडेस्क फ्यूजनची वैयक्तिक वापराची फुकट आवृत्ती धंद्याच्या कामाला चालत नाही. शिवाय तिच्यातून निघालेल्या प्रोग्राममध्ये रॅपिड (न कापता जोरात सरकण्याची) हालचाल फीडनेच होते आणि टूल बदलण्याचा कोड मिळत नाही. शिकायला उत्तम, जॉबवर्कला नाही. फ्रीकॅड पूर्णपणे मोकळं आहे आणि साध्या पॉकेट-ड्रिलिंगच्या कामाला पुरतं, पण वेळ देऊन शिकावं लागतं. तुटक्या लायसन्सची कॉपी टाकणाऱ्यांना एवढंच सांगतो: तो कॉम्प्युटर इंटरनेटला जोडला की कंपनीला कळू शकतं, आणि नोटीस आली की मागितली जाणारी रक्कम एका वर्षाच्या भाड्यापेक्षा मोठी असते.

४. पोस्ट प्रोसेसर. इथे थांबून वाचा. कॅम सॉफ्टवेअर टूलचा रस्ता काढतं आणि पोस्ट तो रस्ता तुमच्या कंट्रोलच्या (मशीन चालवणाऱ्या कॉम्प्युटरच्या) भाषेत उतरवतो. फॅनुक, सिमेन्स, मित्सुबिशी यांची बोली एक नाही. एकाच कंट्रोलच्या दोन मशीनवरही टूल बदलण्याची जागा किंवा जॉब फिरवणाऱ्या चौथ्या अॅक्सिसची दिशा वेगळी असू शकते. म्हणून सॉफ्टवेअरच्या ऑर्डरमध्येच लिहून घ्या: «अमुक मॉडेल, अमुक कंट्रोलसाठी तपासलेला पोस्ट, मशीन बसल्यावर प्रत्यक्ष येऊन दुरुस्त करून देणे, आणि पोस्टची फाइल ग्राहकाच्या ताब्यात.» तोंडी सांगितलेलं धरू नका.

खबरदार: ग्राहकाकडून आलेली डीएक्सएफ (ड्रॉइंगची) फाइल उघडली की सगळ्यात आधी एक माहितीचं माप मोजून बघा. इंच आणि मिलिमीटरच्या गोंधळात जॉब २५.४ पट मोठा किंवा लहान होतो. तेवढा फरक डोळ्यांना दिसतो म्हणून बरं. आपण टाकलेलं स्केल चुकलं तर दिसतही नाही.

## टप्पा ३: कोटेशनमध्ये काय नाही ते वाचा

कोटेशनच्या पहिल्या पानावरची किंमत ही चालणाऱ्या मशीनची किंमत नसते. हे बाहेर ठेवलेलं असतं: स्टॅबिलायझर किंवा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, कॉम्प्रेसर आणि एअर ड्रायर, चिप कन्व्हेयर, टूल होल्डर, व्हाइस, प्रोब, चौथ्या अॅक्सिसची तयारी, उतरवण्याचा खर्च आणि बऱ्याचदा विमाही. चौथा अॅक्सिस आज नको असला तरी त्याची वायरिंग आणि कंट्रोलमधला पर्याय आत्ताच मागा. नंतर तेच काम महाग पडतं.

वर १८ टक्के जीएसटी. इनपुट क्रेडिट मिळतं, पण आधी भरावा लागतो. ३० लाखांच्या मशीनवर ५ लाख ४० हजार. बँक कर्ज मोजताना हा भाग धरते की नाही ते आधी विचारा. आणि आपल्या सीएला सांगून ठेवा की जीएसटीच्या रकमेवर घसारा लावायचा नाही, लावला तर त्या रकमेचं क्रेडिट जातं. तारण नसेल तर सीजीटीएमएसईच्या (लहान उद्योगांच्या कर्जाला हमी देणारा सरकारी ट्रस्ट) हमीखाली कर्ज मागता येतं. १ एप्रिल २०२५ पासून तिची मर्यादा १० कोटी आहे. उद्यम नोंदणी (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी) मात्र आधीच करून ठेवा. मंजुरीपत्रावर सही करताना पहिला हप्ता मशीन बसल्यावर तीन महिन्यांनी सुरू होईल असं घालून घ्या. मागितलं तर मिळतं, न मागता कोणी देत नाही.

आता तासाचा दर. समजा मशीन आणि बाकी सामान मिळून ३६ लाख, आयुष्य सात वर्षं. एका पाळीत वर्षाचे २४०० तास होतात. पण सेटिंग, वीज, सुट्ट्या आणि जॉबची वाट यात वेळ जाऊन खरं कटिंग ६० टक्के धरा: १४४० तास.

घसारा तासाला ३५७ रुपये. सरासरी १८ लाखांवर १० टक्के व्याज म्हणजे १२५. ऑपरेटर महिना २५ हजार, म्हणजे २०८. गाळ्याच्या भाड्यातला वाटा १२५, देखभाल ७०. वीज आणि टूल मिळून १४०. बेरीज १०२५ रुपये, त्यात नफा नाही. हाच हिशेब २४०० तासांनी केला तर ६७० च्या आसपास येतो आणि माणूस त्या दराने कोटेशन देऊन बसतो. मशीन दिवसरात्र चालतं, पैसे मात्र दिसत नाहीत, हे गाऱ्हाणं तुम्ही चहाच्या टपरीवर ऐकलं असेल. त्याचं मूळ या भागाकारात असतं. आकडे तुमचे घाला, पण भागायचं खऱ्या तासांनी.

तपासा: त्याच मॉडेलचं मशीन ठाणे-बेलापूर पट्ट्यात कोणाकडे आहे ते विक्रेत्याला विचारा, टिसाच्या (ठाण्यातल्या लघुउद्योजकांची संघटना) ओळखीतूनही शोधा, आणि तिथे विक्रेत्याशिवाय जा. मालकाला नाही, ऑपरेटरला विचारा: बंद पडलं तर सर्व्हिसचा माणूस किती वेळात येतो? बेंगळुरूच्या प्रदर्शनात स्टॉलवर उभं राहून सही करू नका. «आजच्यापुरती» सूट पंधरा दिवसांनीही तीच असते.

## टप्पा ४: टूलिंग मशीनच्या ऑर्डरसोबतच

मशीन घ्यायला पैसे असतात, टूलिंगला राहत नाहीत. किमान इतकं आधी घरात हवं: बीटी४० (स्पिंडलच्या शंकूचं माप) चे आठ ते दहा ईआर३२ होल्डर आणि कोलेटचा (टूल आवळणाऱ्या बुशांचा) संच, एक फेसमिल आर्बर, एक ड्रिल चक होल्डर, १५० मिमीचे दोन अचूक व्हाइस, एज फाइंडर, टूलची उंची घ्यायचा सेटर, डायल (काट्याचं मापक) आणि स्टँड, होल्डर आवळायचं फिक्स्चर आणि ईआर नटाचा योग्य पाना. मुंबईच्या नागदेवी बाजारात सगळं एका फेरीत मिळतं, पण होल्डर घेताना स्वस्ताईच्या मागे लागू नका. रनआउटवाला (फिरताना डुलणारा) होल्डर चारशेच्या एंडमिलला आठवड्यात खातो. दुकानातच डायल लावून बघायला मागा. न दाखवणाऱ्याकडून घेऊ नका.

खबरदार: पुल स्टड. होल्डरच्या मागे बसणारा हा छोटा खिळा ४५ अंशाचाही येतो, ६० अंशाचाही. दोन्ही बीटी४० मध्ये आटे लावून बसतात, पण तुमच्या स्पिंडलचा ड्रॉबार (स्टडला आत ओढून धरणारा दांडा) एकच प्रकार नीट धरतो. चुकीचा स्टड कधी टूल सोडतो, कधी ग्रिपर खराब करतो. मशीनच्या मॅन्युअलमधलं चित्र फोनमध्ये घेऊनच दुकानात जा.

## टप्पा ५: गाळ्याची तयारी

इथे मी स्वतः तोंडावर पडलोय, म्हणून सविस्तर.

शटर. आमचं पहिलं मशीन जूनच्या पहिल्या आठवड्यात आलं. मी कॅटलॉगमधून रुंदी आणि लांबी घेतली होती, उंचीही घेतली होती. पण शटरची उंची मोजली ती जमिनीपासून वरच्या चौकटीपर्यंत. शटर पूर्ण गुंडाळलं तरी त्याची खालची पट्टी चार इंच खाली लोंबत राहते, हे दहा वर्षं रोज बघूनही लक्षात आलं नव्हतं. हायड्रावाला (क्रेनवाला) म्हणाला, «काका, जाणार नाही हे.» रात्रभर मशीन रस्त्यावर, वर दोन ताडपत्र्या, आणि मी स्टूल टाकून छत्री धरून बसलेलो. सकाळी शटरवाल्याने पट्टी कापली तेव्हा मशीन आत गेलं. तर मोजा: शटर पूर्ण उघडं असताना मोकळी उंची, वजा स्केटची (मशीन सरकवायच्या चाकांच्या गाडीची) उंची. लहान व्हीएमसीसुद्धा सहज अडीच मीटरच्या वर जाते. वाहतुकीसाठी वरचं काय काढता येतं ते निर्मात्याकडून लेखी घ्या.

फरशी. ८००×५०० च्या आसपासच्या चालीचं मशीन पाच-सहा टनांचं असतं. जुन्या गाळ्यांत वर टाइल्स आणि खाली पोकळ भराव निघतो. हातोड्याने ठोकून आवाज ऐका, शंका आली तर एक कोपरा फोडून बघा. किमान २०० मिमी आरसीसी हवं आणि ते दोन स्लॅबच्या सांध्यावर नको. काँक्रीट नवीन ओतलं तर २८ दिवस थांबा. आठ दिवसांत मशीन ठेवलं की लेव्हल महिनाभर हलत राहते. गाळा पहिल्या मजल्यावर असेल तर इमारतीच्या इंजिनिअरचा कागद घेतल्याशिवाय ऑर्डर देऊ नका. शेजारी प्रेस चालत असेल तर ती भिंत सोडून दुसरी बाजू धरा.

लोड. मशीनला साधारण २० ते २५ केव्हीए, वर कॉम्प्रेसर. गाळा भाड्याचा असेल तर मीटर मालकाच्या नावावर असतो. महावितरणकडे लोड वाढवायचा अर्ज त्याच्या नावाने, त्याच्या संमतीने जातो, आणि वाढीव अनामत कोणी भरायची यावर महिना जातो. म्हणून ही बोलणी मशीनची आगाऊ रक्कम देण्याआधी उरका.

अर्थिंग. इमारतीच्या सामाईक अर्थिंगवर मशीन जोडू नका. स्वतंत्र खड्डा घ्या. बहुतेक निर्माते १ ओहमपेक्षा कमी रोध मागतात. न्यूट्रल आणि अर्थमध्ये मल्टिमीटर लावून दिवसातून तीन वेळा व्होल्टेज बघा, शेजारचा वेल्डिंग सेट चालू असताना तर नक्कीच. दोन व्होल्टच्या वर जात असेल तर कारण शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका. अधूनमधून येणारे आणि कोणालाच न कळणारे अलार्म बऱ्याच वेळा इथून येतात, आणि बिचाऱ्या ड्राइव्हला शिव्या बसतात.

हवा. ६ बार, कोरडी. आपल्या पावसाळ्यात कॉम्प्रेसरच्या टाकीत रोज सकाळी पाणी निघतं. ते पाणी लाइनमधून टूल सोडवणाऱ्या सिलिंडरपर्यंत पोचतं आणि टूल अडकतं. एअर ड्रायर पहिल्या दिवसापासून लावा.

## टप्पा ६: मशीन उतरवण्याचा दिवस

राजकोटहून येणारं मशीन घोडबंदरवरून येतं, बेंगळुरूहून येणारं पनवेल-कळंबोलीवरून. ठाणे शहरात अवजड वाहनांना ठरावीक वेळांतच सोडतात आणि त्या वेळा रस्त्याच्या कामांप्रमाणे बदलतात, तेव्हा वाहतूक शाखेची ताजी सूचना बघून ट्रक कुठे थांबवायचा ते चालकाला आदल्या दिवशी सांगा. आमच्या गल्लीत शुक्रवारी सुट्टी असते. तोच दिवस धरा, गल्लीत टेम्पो उभे नसतात.

ट्रकवर असतानाच चारी बाजूंनी फोटो काढा. खोक्याला मार बसला असेल तर पावतीवर तसं लिहूनच सही करा. हायड्राचा पट्टा फक्त निर्मात्याने दाखवलेल्या जागी लावायचा. पत्र्याच्या कव्हरला किंवा टेबलाला पट्टा लावू पाहणाऱ्याला तिथेच थांबवा. ठेवताना मागे पॅनलचं दार पूर्ण उघडेल आणि माणूस उभा राहील एवढी जागा सोडा, एका बाजूला कन्व्हेयरची.

## टप्पा ७: लेव्हल, पहिली वीज, बॅकअप

हा क्रम सर्व्हिस इंजिनिअरच करतो. तुम्ही शेजारी उभं राहून टिक करायची.

१. लेव्हलिंग पॅडवर मशीन टेकवून ०.०२ मिमी प्रतिमीटरच्या स्पिरिट लेव्हलने दोन्ही दिशांना लेव्हल. सगळ्या बोल्टवर वजन आलंय का ते पान्याने बघा, एखादा हवेत राहतो.

२. वाहतुकीचे लॉक काढणं. टेबल आणि हेड बांधून ठेवणारे हे रंगीत ब्रॅकेट असतात. सगळे मोजून, काढून, एका डब्यात जपून ठेवा. गाळा बदलताना लागतील.

३. फेज सीक्वेन्स मीटर. उलटी फेज म्हणजे पंप उलटे फिरणार.

४. लुब्रिकेशनचं तेल भरून, लाइनमध्ये तेल पोचल्यावरच अॅक्सिस हलवणं.

५. स्पिंडल कमी वेगापासून पायरीपायरीने गरम करणं. मग भूमिती तपासणं. त्याचा कागद तुमच्यासमोर भरला गेला पाहिजे, कारखान्यातून आलेल्या कागदाची झेरॉक्स नको.

६. पॅरामीटर (मशीनची सेटिंग), लॅडर (मशीनचा आतला प्रोग्राम), ऑफसेट (टूल आणि जॉबची भरलेली मापं) या सगळ्याचा बॅकअप. दोन प्रती: एक ऑफिसात, एक घरी.

खबरदार: बॅटरीचा अलार्म आला की लोक मेन स्विच बंद करून बॅटरी बदलतात, कारण विजेचं काम बंद करून करायचं हे अंगवळणी पडलेलं असतं. अॅब्सोल्यूट एन्कोडरची (टेबल-हेड कुठे आहे ते लक्षात ठेवणाऱ्या भागाची) बॅटरी कंट्रोल चालू ठेवूनच बदलायची असते, नाहीतर मशीन आपलं होम (मूळ जागा) विसरतं. इमर्जन्सी दाबून ठेवायची, पॅनलमध्ये बाकी कुठे हात लावायचा नाही, आणि मॅन्युअल उघडं ठेवायचं. शेवटची रक्कम तुमचा स्वतःचा नेहमीचा जॉब मशीनवर निघून मापात आल्यावरच द्या. हे ऑर्डरमध्येच लिहिलेलं असावं.

## टप्पा ८: पहिला जॉब

डोकेदुखीचा जॉब आज नको, सोपा घ्या.

व्हाइसला डायल लावून जबड्याच्या पूर्ण लांबीत ०.०१ ते ०.०२ मिमीच्या आत आणा. जी ५४ ला (जॉबच्या शून्याच्या कोडला) एक्स-वाय शून्य घ्या. प्रत्येक टूलची उंची मोजून ऑफसेटच्या पानावर भरा आणि कागदावरही लिहा: टूल क्रमांक, व्यास, होल्डरमधून बाहेर किती. हा कागद मशीनच्या दारावर चिकटवा.

मग प्रोग्राम वाचा. पूर्ण नाही वाचला तरी चालेल, पण प्रत्येक टूल बदलानंतरच्या चार ओळी वाचायच्याच. टी ३ बोलावलं तर जी ४३ (टूलची उंची लागू करणारा कोड) मागे एच ३ (उंचीचा क्रमांक) आहे का? एच २ राहिलं असेल तर मशीन दुसऱ्याच टूलची उंची धरून खाली येतं. मोठ्या धडका बहुतेक याच एका आकड्याने होतात.

दुसरं, दशांश बिंदू. फॅनुकवर बऱ्याच मशीनची सेटिंग अशी असते की बिंदूशिवाय लिहिलेला आकडा मायक्रॉनमध्ये धरला जातो. पोस्टमधून आलेल्या प्रोग्राममध्ये बिंदू असतात, हाताने टाइप करताना राहतो. आमच्याकडे जॉब संपल्यावर टूल वर घ्यायचं म्हणून मुलाने हाताने टाकलं: जी ०, झेड १००. टूल १०० मिमी वर जायच्या ऐवजी खोबणीच्या वर जेमतेम ०.१ मिमी गेलं. त्याने स्क्रीनकडे बघितलं, टूलकडे नाही, आणि पुढची ओळ टाकली ती एक्सची. बारा मिमीचं कार्बाइड टूल क्लॅम्पमधून आडवं गेलं. आवाज काचेचं भांडं फुटल्यासारखा झाला. मुलगा पांढराफटक. मीही काही बोललो नाही, कारण आकड्यानंतर बिंदू द्यायचा हे त्याला सांगायचं माझंच राहिलं होतं. तेव्हापासून आमच्या पॅनलवर लाल पेनाने एक मोठा ठिपका काढलेला आहे.

चालवायचा क्रम असा ठेवा:

- आधी कॅममध्ये सिम्युलेशन, व्हाइस आणि होल्डरसकट. नुसत्या टूलचं सिम्युलेशन धडक दाखवत नाही.
- वर्क ऑफसेटचं झेड ५० मिमी वर उचलून हवेत पूर्ण प्रोग्राम.
- झेड परत खरं केल्यावर सिंगल ब्लॉक (एका वेळी एकच ओळ) चालू, रॅपिड २५ टक्के, डावा हात फीडच्या नॉबवर. टूल जॉबच्या जवळ आलं की नॉब शून्यावर आणून «अजून किती जायचंय» हा आकडा स्क्रीनवर बघा आणि टूलखालचं खरं अंतर डोळ्यांनी ताडा. स्क्रीन म्हणते ४० आणि खाली दिसतंय १५, तर थांबा.
- पहिला नग काढण्याआधी मशीनवरच मोजा. एकदा व्हाइस उघडला की तीच बैठक परत मिळत नाही.

तपासा: हवेतल्या फेरीनंतर उचललेलं झेड परत आणलंत का? हे विसरणारे तर आहेतच, पण ५० च्या जागी ५०० टाकून ओव्हरट्रॅव्हलचा अलार्म घेणारेही आहेत. दुसऱ्यांचं काही बिघडत नाही.

## टप्पा ९: पहिला महिना

कूलंट (कापताना टूल थंड ठेवणारं तेल) पाण्यात घालायचं, पाणी कूलंटमध्ये नाही. पाणी टँकरचं किंवा बोअरचं नको. रिफ्रॅक्टोमीटर (कूलंटचं प्रमाण मोजायचं साधन) घ्या आणि डब्यावरचा फॅक्टर वाचा. ब्रिक्स (त्यावरचा आकडा) ५ दिसलं आणि फॅक्टर १.५ असेल तर खरं प्रमाण साडेसात टक्के. सुट्टीनंतरच्या सकाळी वास आला म्हणजे वर तेलाचा थर बसून खाली हवा गेलेली नाही. थर काढा, सुट्टीच्या दिवशीही थोडा वेळ हवा फिरेल अशी सोय करा. पावसाळ्यात प्रमाण कमी पडलं तर जॉबवर दुसऱ्याच दिवशी गंज येतो आणि ग्राहक तो फोटो सकाळी नऊला व्हॉट्सअॅपवर पाठवतो.

प्रोग्राम पेनड्राइव्हवर ठेवू नका. कॉम्प्युटरवर ग्राहक, ड्रॉइंग क्रमांक आणि रिव्हिजन या नावाने फोल्डर करा आणि मशीनवर दुरुस्त झालेला प्रोग्राम त्याच दिवशी परत आणा. नाहीतर ऑफिसात जुना, मशीनवर नवा, आणि सहा महिन्यांनी ऑर्डर फिरून आली की जुनी चूक पुन्हा कापली जाते. ड्रॉइंगची रिव्हिजन बदलली की जुनं फोल्डर पुसू नका, नाव बदला.

मशीनचं निरीक्षण करणारी सॉफ्टवेअर, मोबाइलवर दिसणारे आलेख, ईआरपी हे सगळं विकायला लोक येतील. पहिले सहा महिने एक वही पुरते. रोज चार रकाने: कटिंगचे तास, सेटिंगचे तास, उभं राहिलेले तास आणि का उभं राहिलं. महिनाअखेरीस तिसऱ्या टप्प्यातले १४४० तास या वहीतल्या आकड्याने बदला आणि पुढचं कोटेशन त्या दराने द्या.